बेव्यूचे रस्ते अजून कुणाला पाठ आहेत का?

जकार्डवाली

'नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड २' ही गाड्यांच्या शर्यतींची जुनी कॉम्प्युटर गेम ज्यांनी मनापासून खेळली आहे, त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, त्यातल्या बेव्यू शहराचा जॅक्सन हाइट्सचा घाट उतरतानाची वळणं अजून कुणाला डोळे मिटून आठवतात का? मला आठवतात. आणि दोन, रस्ता दाखवण्याऐवजी शोधायला लावणारी गाड्यांची गेम आज कुठली आहे? दुसरा प्रश्न भाच्यासाठी आहे, पण तो नीट समजायला आधी पहिल्याबद्दल सांगावं लागेल. लांबण लागेल, वाचा.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या काकांचा टॉवेलचा कारखाना. २००५-०६ च्या सुमाराला त्यांनी ऑफिसात डिझाइनसाठी कॉम्प्युटर घेतला. दिवसभर डिझाइनर त्यावर जकार्डचे, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचे, ग्राफ काढायचे. संध्याकाळी ते घरी गेले की खुर्ची रिकामी. माझा मोठा भाऊ, अण्णा, तिथे बिलं बघायचा आणि मी अकरावीचा क्लास आटोपून तिथेच जायची, कारण घरी परतायचं तर त्याच्याच गाडीवर. त्याने कुणाकडून तरी दोन सीड्या आणल्या आणि म्हणाला, "बघ चालतीय का." सगळे ग्राफिक्स खाली ओढले तेव्हा कुठे चालली. पण ओला रस्ता मात्र मी कधी बंद केला नाही. गाडी अडखळली तरी चालेल, पण रस्ता चमकलाच पाहिजे, यावर मी हटून बसायची.

कारण ते बेव्यू शहर कायम रात्रीचं आणि बहुतेक वेळा नुकताच पाऊस पडून गेल्यासारखं. आमच्याकडे पाऊस तो किती! जून कोरडा, जुलै वाट बघण्यात, आणि पडला की चार दिवसांत रस्त्यावर पुन्हा धूळ. त्या शहरात डांबरावर दुकानांच्या पाट्या, सिग्नल, समोरच्या गाडीचे लाल दिवे सगळे लांबच लांब ओघळलेले दिसायचे. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानावरचे दिवे तळ्याच्या पाण्यात दिसतात ना, तसं, फक्त संपूर्ण शहरभर. मी पहिल्या दिवशी शर्यत लावलीच नाही. गेममधल्या रेचलची ती निस्सान ३५० झेड सुरुवातीला चालवायला देतात, ती घेऊन नुसती फिरत राहिले. अण्णा मागून म्हणत होता, "अगं, बाणाकडे जा की." गेले नाही.

भारनियमनाची ती वर्षं होती. लाइट गेली की कारखान्यातले सगळे माग एकदम थांबायचे. खडखडाटाची इतकी सवय असायची की शांतता झाली की दचकायला व्हायचं. कामगार बाहेर चहाला जायचे, काका वायरमनला फोन लावत बसायचे, आणि अंधाऱ्या ऑफिसात यूपीएसवर तेवढा कॉम्प्युटर चालू. यूपीएस वाजायला लागला की हिशोब सुरू: सर्किट असेल तर सोडून द्यायची, तीन फेऱ्या काही पुऱ्या होत नाहीत. ड्रॅग, म्हणजे सरळ रस्त्यावरची छोटी शर्यत, असेल तर पळवायची, ती एका दमात संपते. शर्यत संपून सेव्ह झालं की मग खुशाल बंद पडू दे. ड्रॅगमध्ये गिअर नेमका कधी टाकायचा, हे मी यूपीएसच्या त्या टी-टी आवाजातच शिकले.

आता मुद्दा. या मालिकेत संपूर्ण शहर मोकळं फिरायला पहिल्यांदा याच गेमने दिलं, २००४ साली. आणि दिलं ते एकदम नाही. आधी सिटी कोअर, मग बीकन हिल, मग जॅक्सन हाइट्सचा डोंगर, शेवटी कोल हार्बरचा बंदराचा भाग. शर्यत हवी तर गाडी चालवत तिथपर्यंत जायचं. काही शर्यती तर नकाशावर नव्हत्याच. आपण त्या गल्लीत शिरलो तरच भेटायच्या. दुकानांचंही तसंच. बॉडी शॉप, पेंटचं दुकान, इंजिनाचं दुकान, बरीचशी जवळून गेल्याशिवाय नकाशावर यायची नाहीत. एखाद्या कोपऱ्यावर रंगीत उजेड दिसला की मी करकचून ब्रेक मारायची. ते दुकान मला सापडलेलं असायचं. कुणी दाखवलेलं नाही, मला सापडलेलं. हा फरक फार मोठा आहे, असं मला आजही वाटतं.

म्हणून मी नकाशा काढला. गेममध्ये नकाशा होता, पण तो उघडायला गाडी थांबवावी लागायची आणि त्यावर माझ्या खुणा नव्हत्या. ऑफिसात जुन्या डिझाइनच्या ग्राफ पेपरचा गठ्ठा पडलेला असायचा, बारीक चौकड्यांचा. त्याच्या पाठकोऱ्या बाजूला नाही, चौकड्यांवरच काढला. टॉवेलच्या डिझाइनमध्ये एक चौकट म्हणजे एक धागा, माझ्या नकाशात एक चौकट म्हणजे साधारण एक इमारत. हायवे लाल पेनाने. सापडलेली शर्यत हिरवी फुली. कुठल्या वळणाला ट्रॅफिक समोरून येतं तिथे टिंब. जॅक्सन हाइट्ससाठी तर वेगळा कागद जोडला, कारण तो घाट चौकड्यांत बसेना. वळणावर वळण, आणि उतारावरची ड्रिफ्ट, म्हणजे गाडी आडवी घसरवत न्यायची, शर्यत समोरून गाड्या येत असताना. डिझाइनर काकांनी एकदा तो कागद बघितला आणि शांतपणे म्हणाले, "वळण काढताना पायरी एकसारखी ठेव, मग गोल दिसतं." जकार्डमध्ये गोलाई तशीच काढतात, चौकट-चौकट पायऱ्यांनी. आज मी तेच काम करते, सॉफ्टवेअरवर, टॉवेलची डिझाइनं. पहिला धडा बेव्यूच्या घाटावर मिळाला.

आणि विनाइल! गाडीच्या अंगावर एकावर एक नक्षीचे थर लावायचे, प्रत्येकाला आपला रंग. माझी प्यूजो २०६ गडद जांभळी, त्यावर केशरी. अण्णाला निऑन, मोठा स्पॉयलर, डिकीत स्पीकर, सगळंच हवं असायचं; त्याची गाडी बघून डोळे दुखायचे. मी मात्र तासन् तास दोनच रंगांत काय काय होतं ते बघत बसायची. दोन रंगांचा जकार्ड टॉवेल तुम्ही उलटा केलात तर मागे तीच नक्षी रंग उलटून दिसते. ते कळल्यावर मी गाडीची डावी बाजू जांभळ्यावर केशरी आणि मनात उजवी बाजू केशरीवर जांभळी अशी करून बघायची. मासिकाच्या मुखपृष्ठासाठी फोटोला जायचं असायचं ना, वेळेत त्या जागी पोचायचं आणि गाडी कशी उभी करायची ते आपण ठरवायचं, ते मला कुठल्याही शर्यतीपेक्षा जास्त आवडायचं.

आता भाचा. पाचवीत आहे, फोर्झा होरायझन ५ खेळतो. गेम सुंदर आहे, यात वादच नाही. मेक्सिको, ज्वालामुखीचा डोंगर, धुळीचं वादळ, मी स्वतः बघत बसते. पण रस्त्यावर रंगीत बाणांची रेघ असते आणि तो फक्त त्या रेघेकडे बघतो. परवा मी विचारलं, "त्या डोंगरावर कुठून चढतोस रे?" तो म्हणाला, "आत्या, तिथे टिक करायचं, मग रेघ नेते." मुलगा हुशार आहे, गाडी माझ्यापेक्षा चांगली हाकतो. पण त्या मेक्सिकोचा एकही कोपरा त्याचा स्वतःचा नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर सांगा. अंडरग्राउंड २ आजच्या कॉम्प्युटरवर चालवता येते का? नसेल तर दुसरी कुठली?

भुईकोट

ताई, लै भारी लिहिलंय. घाटातली वळणं आठवतात, पण माझा जीव रॉकपोर्ट शहरात अडकलाय. त्याच मालिकेतली पुढची गेम, 'मोस्ट वॉन्टेड', २००५ ची.

आम्ही नवी पेठेतल्या सायबर कॅफेत खेळायचो. तासाचे पैसे पाच पोरांत वाटून, आणि प्रोफाइल, म्हणजे गेममधलं खातं, सगळ्यांचं मिळून एकच. शाळा सुटल्यावर जो आधी पोचेल तो गाडी घेणार, बाकीचे मागे उभे. त्यामुळे कुणाच्या पाळीत काय घडलं, ते दुसऱ्या दिवशी वर्गात तोंडी सांगावं लागायचं: "काल गोल्फ कोर्सवर घुसलो होतो, हीट पाचपर्यंत नेली, गाडी वाचली, पण पेंट बदलून घे आधी." कारण रंग बदलला की हीट, म्हणजे पोलीस किती जोरात मागे लागतात ते, उतरते, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पोरांनीच शोधलं होतं.

तुमच्या मुद्द्यात मला एक भर घालायचीय. तुम्हाला रस्ते पाठ झाले ते हौसेने. आम्हाला झाले ते भीतीने. मागे पोलिसांचा ताफा, वायरलेसवर आपल्याच गाडीचं वर्णन चाललेलं, पुढे नाकाबंदी, आणि त्या क्षणी आठवलं पाहिजे की डावीकडे तो मोठा डोनटचा बोर्ड आहे. त्याला धडक देऊन निघालं की तो मागच्या गाड्यांवर कोसळतो. पेट्रोल पंपाचं छप्पर, पाण्याची टाकी, प्रत्येकाची जागा ठाऊक असायची. मागे उभी पोरं ओरडायची, "डोनटकडे बे, डोनटकडे!" आणि पोलीस मागे पडले की एखाद्या आडोशाला जाऊन लपायचं, इंजिन चालू, सगळे गप्प. कॅफेचे मालकही येऊन बघायचे.

काळ्या यादीत पंधरा जण, एकेकाला हरवत वर जायचं, आणि सुरुवातीला रेझर नावाच्या खलनायकाने आपली जी बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर लाटलेली असते ती शेवटी परत मिळते. ती परत मिळाली त्या दिवशी आम्ही पाचही जण होतो. तुटलेल्या पुलावरून उडी मारून शहराबाहेर पडायचं होतं आणि कीबोर्ड माझ्या हातात होता. त्या पोरांपैकी तिघे आता पुण्यात आहेत, एक आखातात. ग्रुपवर अजून कुणाचा वाढदिवस आला की त्याच बीएमडब्ल्यूचा फोटो पडतो.

एक विचारू का? अंडरग्राउंड २ मध्ये पोलीसच नव्हते. तुम्हाला ते कधी रिकामं नाही वाटलं?

एसटीवाल्याचा मुलगा

माझी गेम तुमच्या दोघांच्याही आधीची. 'मिडटाउन मॅडनेस', १९९९. शिकागो शहर. त्यात शर्यती होत्या, पण मी त्यातल्या फार थोड्या केल्या. मी क्रूझ, म्हणजे शर्यतीविना नुसतं शहरात फिरणं, लावायचो आणि बस घ्यायचो.

वडील एसटीत चालक होते, सोलापूर डेपोला. ड्युटीवरून आले की हातपाय धुऊन माझ्या मागे खाटेवर बसायचे. स्क्रीनवर बस दिसली तेव्हा पहिला प्रश्न: "ब्रेक हवेचा आहे का?" मला काय माहीत! मग म्हणाले, "सिग्नल पाळ." मी म्हणालो, बाबा, ही गेम सिग्नल तोडायचीच आहे. ते म्हणाले, "बस आहे ना? मग पाळ." तेव्हापासून आमच्या घरी मिडटाउन मॅडनेस सिग्नल पाळूनच खेळली गेली.

क्रूझमध्ये ट्रॅफिक किती, माणसं किती, पोलीस किती, पाऊस की बर्फ, दिवस की रात्र, सगळं आपण ठरवायचं. बाबा सांगायचे ते लावायचो. ते बहुतेक वेळा पाऊस लावायला सांगायचे आणि रात्र, कारण त्यांना दुसरा कसा चालवतो ते बघायचं असायचं. वळण घेताना म्हणायचे, "मागचं चाक लक्षात ठेव. पुढचं गेलं म्हणजे बस गेली नाही." शिकागोत नदीवरचे पूल मध्येच उघडतात. पोरं त्यावरून उडी मारतात. आम्ही बस थांबवून पूल खाली यायची वाट बघायचो.

बाबांना त्या गेममधली सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे माणसं. गाडी कितीही वेगात फुटपाथवर घाला, लोक बाजूला उड्या मारतात, कुणालाच लागत नाही. एकालाही नाही. पहिल्यांदा ते कळलं तेव्हा त्यांनी मला पुन्हा पुन्हा करायला लावलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतर आईला आतून बोलावून दाखवलं.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली त्यांना. शिकागोचा तो नदीकाठचा वरचा-खालचा रस्ता त्यांना अजून आठवतो. नातवाला सांगतात, "मी तिथे गाडी चालवायला शिकवलंय तुझ्या बापाला."

जकार्डवाली ताई, भाच्याबरोबर खेळताना कंट्रोलर त्याच्या हातात द्या आणि तुम्ही मागे बसा. त्याला सांगत राहा. रेघ आपोआप विसरेल.

जुळे सोलापूर

ताईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर अजून कुणी दिलं नाही, म्हणून मी देतो. कॉम्प्युटर दुरुस्तीचाच धंदा आहे.

अंडरग्राउंड २ आज कुठल्याही ऑनलाइन दुकानात विकत मिळत नाही. कुणी स्वस्तात 'की', म्हणजे गेम चालू करायचा कोड, देतो म्हणाला तर पैसे घालवू नका. मूळ डिस्क असली तरी अडचण आहे: त्या काळच्या बऱ्याच गेमच्या डिस्कवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं, आणि विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने त्याचा आधारच काढून टाकला. त्यामुळे कॉम्प्युटर डिस्क वाचतो, पण गेम उघडत नाही. जुना विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर कारखान्यात पडून असेल तर तो फेकू नका, त्यावर सर्वात बिनत्रास चालेल. नाहीतर जुनी प्लेस्टेशन २ आणि तिची डिस्क. चांगल्या अवस्थेतली मिळते अजून, पण डिस्कची चमकती बाजू उजेडात धरून बघून घ्या. नव्या रुंद मॉनिटरवर चित्र ताणलं जाऊ नये म्हणून चाहत्यांनी एक वाइडस्क्रीन फिक्स केलंय, ते चांगलं आहे.

ह्या गेम दुकानातून का जातात, हे भाच्यालाही सांगून ठेवा. खऱ्या गाड्या आणि खरी गाणी वापरायचे परवाने घेतलेले असतात. मुदत संपली की विक्री थांबते. फोर्झा होरायझन ४ १५ डिसेंबर २०२४ ला अशीच विक्रीतून गेली. ज्यांनी आधी घेतली होती त्यांच्याकडे ती राहिली, एवढं तरी बरं. 'द क्रू' ह्या गाड्यांच्या गेमचं त्याहून वाईट झालं. अख्खी अमेरिका एका नकाशात होती, न्यूयॉर्कहून निघून लॉस एंजेलिसपर्यंत खरंच चालवत जाता यायचं. पण गेम कायम सर्व्हरला जोडलेली हवी. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले, आणि पैसे देऊन घेतलेल्यांनाही आता ती उघडता येत नाही. मी ती रात्री दुकान बंद केल्यावर खेळायचो, शर्यत नाही, नुसता वाळवंटातला लांब रस्ता. त्यामुळे ह्या विषयावर मी शांत राहू शकत नाही. घेतलेली गेम घेणाऱ्याकडे राहिली पाहिजे. युरोपात ह्यासाठी लाखो लोकांनी सह्या केल्यात, त्या उगाच नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: 'बर्नआउट पॅरडाइज'. मूळ २००८ ची, नव्याने सुधारलेली रीमास्टर आवृत्ती २०१८ ची, कॉम्प्युटरवर सहज मिळते आणि साध्या मशीनवर पळते. शहरातल्या कुठल्याही सिग्नलला थांबायचं, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबायचा, शर्यत सुरू. पुढे रस्त्यावर रेघ नाही, अडसर नाहीत. शेवट कुठे आहे एवढंच सांगतात: पवनचक्क्यांपाशी, नौदलाच्या गोदीपाशी, अशा आठ जागा आहेत शहराच्या आठ दिशांना. तिथे कुठून जायचं ते तुम्ही बघा. वळण जवळ आलं की वर रस्त्याच्या नावाची पाटी लुकलुकते, बस्स. सुरुवातीला पोरगं हमखास चुकतं आणि शेवटून पहिलं येतं. मग हळूहळू रस्त्यांची नावं तोंडात बसतात. शिवाय ४०० पिवळी फाटकं आहेत तोडायला, आडवाटांच्या तोंडावर, आणि १२० होर्डिंग. ती शोधण्यातच शहर पाठ होतं. गाड्या सगळ्या काल्पनिक कंपन्यांच्या आहेत, त्यामुळे विनाइलची हौस मात्र तिथे भागणार नाही.

आणि फोर्झा काढून घेऊ नका त्याची. सेटिंगमध्ये ड्रायव्हिंग लाइन बंद होते, छोटा नकाशाही बंद होतो. आठवड्यातून एक दिवस तसं खेळायचं, एवढं ठरवा.

जकार्डवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. एसटीवाल्याचा मुलगा, तुमचा प्रतिसाद मी अण्णाला फोनवर वाचून दाखवला. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

भुईकोट, तुम्ही विचारलंत, पोलीस नव्हते ते रिकामं नाही का वाटलं. त्यावर दोन दिवस विचार केला. मोस्ट वॉन्टेड अण्णाने नंतर आणली, मी खेळले, चांगलीच आहे. पण दोन शर्यतींच्या मधे कधी वायरलेस खरखरेल याचा भरवसा नसायचा, आणि माझा जीव वर व्हायचा. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. क्लास सुटला की सरळ कारखाना, कारखान्यातून अण्णाच्या मागे बसून घर. सात रस्त्याला रात्री नऊनंतर कसं दिसतं, पार्क चौकात उशिरापर्यंत कोण बसतं, हे मला फक्त ऐकून माहीत. अण्णा जायचा, त्याचे मित्र जायचे. घरच्यांनी कधी कठोरपणे अडवलं असंही नाही, पण मुलीने रात्री उगाच फिरायला जायचं, हा विषयच नव्हता.

बेव्यूत रात्रीच रात्र होती आणि मी एकटी होते. कुठल्याही गल्लीत शिरावं, कुठेही गाडी वळवावी, बंदरावर जाऊन उभं राहावं. मागे कुणी लागत नाही, कुणी विचारत नाही कुठे चाललीस. वाटेत दुसरी रेसची गाडी दिसली तर तिच्या मागे जायचं, वाटलं तर आव्हान द्यायचं आणि तिला मागे टाकेपर्यंत पळवायचं; नाही वाटलं तर सोडून द्यायचं. ठरवणारी मी. शर्यती जिंकल्या त्या सगळ्या विसरले. ते नुसतं फिरणं राहिलं. तुमच्यासाठी पोलिसांमुळे ते शहर जिवंत झालं, माझ्यासाठी ते नसल्यामुळेच मोकळं होतं. दोन्ही खरं असणार.

पुढे नोकरीला लागले, स्कूटी घेतली, तेव्हा कधीतरी एकटी रात्री विजापूर रोडने लांब जाऊन आले. आता कितीतरी मुली जातात, मला बघून छान वाटतं.

जुळे सोलापूर, बर्नआउट घेतली. तुम्ही म्हणालात तसंच झालं. पहिल्या शर्यतीत भाचा शेवटून पहिला आला आणि चिडला. "आत्या, ह्याला रेघच नाही!" मी काही बोलले नाही, मागे बसून राहिले. मग पाट्या वाचायला लागला. पश्चिमेकडच्या डोंगरात, व्हाइट माउंटनकडे, त्याला एक पिवळं फाटक सापडलं. ते तोडून आत गेला तर पुढे मोठी उडी निघाली आणि दरीपलीकडचा रस्ता. तिथून उठायला तयार नव्हता, जेवण गार झालं. आता तो रस्ता कुठून लागतो ते मला सांगत नाही. "तू शोध" म्हणतो.

कारखान्यातला जुना कॉम्प्युटर माळ्यावर आहे, काकांनी भंगारात दिलेला नाही. चालू होतो, पण पंख्याचा आवाज मोठा येतो आणि पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद पडतो. हे पंख्यामुळे असेल की पॉवर सप्लायमुळे? तुमच्या दुकानात आणून दाखवू का?

जुळे सोलापूर

आणा. बहुतेक प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल आणि पंख्यात टॉवेलच्या कारखान्यातला कापूस अडकला असेल. येताना तसाच आणा, घरी ब्लोअर मारू नका. धूळ आत सरकते. हार्ड डिस्क तीच जुनी असेल तर आधी तिची कॉपी काढतो. तुमचं प्रोफाइल अजून असू शकतं तिच्यात.

भुईकोट

दुकानाचा पत्ता मलाही पाठवा. प्रोफाइल उघडलं तर मला ती जांभळी प्यूजो बघायचीय.